कचेरींतील अपमान आणि कायद्याचें माप

मुंबईच्या सरकारी सिडनहॅम महाविद्यालयांत १९१८ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. अमेरिकेंतील कोलंबिया विद्यापीठांत आणि लंडनमध्यें अध्ययन करून आलेल्या या तरुण गृहस्थांच्या व्याख्यानांना लौकरच गर्दी होऊं लागली. परंतु प्राध्यापकांसाठीं पिण्याच्या पाण्याचें जें भांडें ठेवलेलें असे, त्यांतील पाणी या नव्या सहकाऱ्यानें घेऊं नये, असा आक्षेप कांहीं प्राध्यापकांनीं घेतला. हे नवे प्राध्यापक म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. त्याच्या आदल्याच वर्षीं, शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदें संस्थानच्या नोकरींत दाखल झाले होते. तेथें कचेरींतले शिपाई विटाळाच्या भीतीनें कागद दुरूनच त्यांच्या मेजावर फेंकीत, कचेरींत प्यावयास पाणी मिळत नसे, आणि शहरांत राहावयास जागाहि मिळाली नाहीं. अखेर ती नोकरी सोडून त्यांना मुंबईस परतावें लागलें.

या दोन हकीगतींत आजचा सारा विषय सांठविलेला आहे. तेथें कोणी कोणावर हात टाकला नव्हता. कोणाचा पगार कापला नव्हता. कोणी लेखी हुकूम काढला नव्हता. जें घडत होतें तें दिवसाढवळ्या, सर्वांच्या देखत घडत होतें. आणि तरीहि दाद मागण्याजोगें कांहीं घडलें आहे, हें मानावयास त्या काळचा कायदा तयार नव्हता. अशा अपमानाची तक्रार कोणापुढें करावी, या प्रश्नास १९१८ सालीं उत्तरच नव्हतें. आज उत्तर आहे. मात्र तें एकाच दारीं मिळत नाहीं, आणि प्रत्येक दारीं निराळें माप लावलेलें आहे. सरकारी कचेरींत जातीवरून होणारा अपमान कायदा कोणत्या मापानें मोजतो, कोणता अपमान त्या मापांत बसतो आणि कोणता निसटून जातो, हें समजून घेणें हा या भाषणाचा हेतु आहे.

प्रथम थोडें परदेशाकडे पाहावें, म्हणजे आपल्याकडील मापाचें वैशिष्ट्य ध्यानांत येईल. अमेरिकेंत हा प्रश्न वर्णाच्या नांवानें उभा राहतो. तेथील १९६४ सालच्या नागरी हक्कांच्या कायद्यानें नोकरींत वर्णावरून भेदभाव करण्यास मनाई केली, आणि १९७२ सालीं ती मनाई केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसहि लागू झाली. छळ म्हणजे काय, हें त्या कायद्यानें सांगितलें नव्हतें. न्यायालयांनीं तें हळूहळू ठरविलें. त्यांचें माप असें कीं, वर्णावरून होणारें वर्तन इतकें तीव्र अथवा इतकें सततचें असावें कीं त्यामुळें नोकरीचें वातावरणच दूषित व्हावें. १९९३ सालीं, एका स्त्रीच्या छळाच्या प्रकरणांत, तेथील सर्वोच्च न्यायालयानें हें माप अधिक स्पष्ट केलें. वर्तन किती वेळां घडलें, किती गंभीर होतें, तें मानहानि करणारें होतें कीं नुसता एखादा बोचरा उद्गार होता, आणि त्यामुळें कामांत व्यत्यय आला कीं नाहीं, या सर्वांचा एकत्र विचार करावा, असें त्या न्यायालयानें सांगितलें. वर्णावरून होणाऱ्या छळासहि हेंच माप लावतात. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यानें मात्र घटनेपासून ४५ दिवसांच्या आंत आपल्या खात्याच्या समुपदेशकाकडे जावें लागतें. तेथें उशीर झाला तर पुढील दारें बहुधा बंद होतात.

म्हणजे अमेरिकन कायदा विचारतो: वातावरण कसें होतें? भारतीय कायदा मुख्यतः विचारतो: त्या क्षणीं काय घडलें, आणि तें कोणाच्या दृष्टीसमोर घडलें? या दोन प्रश्नांतील अंतर ध्यानांत ठेविलें म्हणजे पुढील गोष्टी उलगडणें सोपें जातें.

भारतीय संविधान २६ जानेवारी १९५० रोजीं अमलांत आलें आणि त्याच्या १७ व्या अनुच्छेदानें अस्पृश्यता नष्ट झाल्याचें जाहीर केलें. त्या अनुच्छेदास दंडाचें बळ देण्यासाठीं १९५५ सालीं अस्पृश्यता (गुन्हे) कायदा झाला. १९७६ सालीं तो अधिक कडक करण्यांत येऊन त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा असें नांव मिळालें. परंतु तेवढ्यानें भागेना, म्हणून १९८९ सालीं अनुसूचित जाति व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा संमत झाला आणि ३० जानेवारी १९९० पासून तो अमलांत आला. २०१५ सालीं त्यांत मोठी दुरुस्ती झाली. कचेरींतील अपमानाशीं त्यांतील दोन पोटकलमांचा निकट संबंध आहे. लोकांच्या दृष्टीसमोरील जागीं अनुसूचित जातीच्या वा जमातीच्या व्यक्तीचा, तिची मानखंडना करण्याच्या हेतूनें, जाणूनबुजून अपमान करणें अथवा तिला धाक घालणें, हा एक गुन्हा. आणि तशाच जागीं जातीच्या नांवानें शिवीगाळ करणें, हा दुसरा. दोहोंसहि सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. अपराधी स्वतः सरकारी नोकर असेल तर किमान शिक्षा सहा महिन्यांऐवजीं एक वर्षाची होते. ज्याच्या हातीं सत्ता दिली, त्याचा अपराध अधिक जड, हें तत्त्व त्यांत आहे.

आतां हें माप प्रत्यक्ष लावूं गेलें असतां चार प्रश्न उभे राहतात: तक्रार करणारा कोण, अपमान कशामुळें झाला, कोठें झाला, आणि तो कशावरून शाबीत होणार.

पहिल्या प्रश्नासाठीं खारदांड्याचें उदाहरण घ्यावें. मुंबईच्या पश्चिम किनाऱ्यावर, खारच्या बंगल्यांच्या व इमारतींच्या पलीकडे, समुद्रावर उपजीविका करणाऱ्या कोळ्यांचा हा जुना वाडा आहे. समजा, या वस्तींतून दोन कारकून रोज सकाळीं खार स्थानकावर गाडी धरून एकाच सरकारी कचेरींत जातात. त्यांतील एक दांड्याचाच सोनकोळी. दुसरा जुन्नरकडील डोंगराळ मुलखांतून नोकरीनिमित्त आलेला आणि दांड्यांत भाड्यानें राहणारा महादेव कोळी. एके दिवशीं त्यांचा वरिष्ठ अंमलदार चारचौघांत दोघांनाहि जातीवरून हिणवितो. एकाला मासळीच्या वासाचा उल्लेख करून, दुसऱ्याला रानांतला म्हणून. बोलणारा एक, जागा एक, जखमहि एकच. परंतु महादेव कोळी ही जमात महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादींत आहे. सोनकोळी त्या यादींत नाहींत, राज्यानें त्यांना विशेष मागास प्रवर्गांत घातलेलें आहे. म्हणून १९८९ च्या कायद्याचें कवच एकाला मिळतें व दुसऱ्याला मिळत नाहीं. तसेंच अपमान करणारा अंमलदार स्वतः अनुसूचित जातीचा वा जमातीचा असेल, तरीहि हा कायदा लागू होत नाहीं.

यांत अन्याय दिसला तरी त्यामागील विचार समजून घेतला पाहिजे. हा कायदा उद्धटपणाविरुद्ध केलेला सर्वसामान्य कायदा नव्हे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाणवठ्यापासून व गांवापासून दूर ठेविलें, त्यांच्यासाठीं केलेला तो विशेष कायदा आहे, आणि म्हणूनच त्याच्या तरतुदी विशेष कडक आहेत. यादीबाहेरील माणसाचा मार्ग मात्र खुंटत नाहीं. तो निराळ्या दारानें जातो. त्या दारांकडे पुढें वळावयाचें आहे.

दुसरा प्रश्न, अपमान कशामुळें झाला. अपमानित माणूस अनुसूचित जातीचा आहे एवढ्यानेंच प्रत्येक अपमान या कायद्याखालीं येत नाहीं. ऑगस्ट २०२४ मधील एका निर्णयांत सर्वोच्च न्यायालयानें हें पुन्हा स्पष्ट केलें कीं, अपमानाचा त्या व्यक्तीच्या जातीशीं संबंध असला पाहिजे. उशिरां आलेल्या कारकुनास वरिष्ठ अंमलदार रागें भरला, ही कचेरींतील नित्याची गोष्ट. पण रागें भरतांना त्यानें त्याच्या जातीचा उद्धार केला, कीं गोष्ट बदलते. जात ठाऊकच नव्हती, असा बचाव अशा वेळीं हमखास केला जातो. २०१५ सालच्या दुरुस्तीनें तो अवघड करून ठेविला आहे. आरोपीला पीडिताची अथवा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक माहिती होती, असें दिसलें तर त्याला जातहि ठाऊक होती असें न्यायालयानें गृहीत धरावयाचें, आणि तसें नव्हतें हें दाखविण्याचें ओझें आरोपीवर. एका कचेरींत वर्षानुवर्षें शेजारीं बसणाऱ्या माणसांच्या बाबतींत या तरतुदीचें महत्त्व उघड आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत बिकट: अपमान कोठें झाला? कायद्याचे शब्द ‘लोकांच्या दृष्टीसमोरील जागा’ असे आहेत. ‘सार्वजनिक जागा’ असे नव्हेत. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें या दोहोंतील भेद समजावून दिला. खाजगी बंगल्याच्या अंगणांत उच्चारलेले शब्द रस्त्यावरून दिसत-ऐकूं येत असतील, तर जागा खाजगी असूनहि ती लोकांच्या दृष्टीसमोर आहे. घराच्या आंतहि, तेथें केवळ आप्त-मित्र नसून त्रयस्थ माणसें हजर असतील, तर अट पुरी होते. उलट, चार भिंतींच्या आड, कोणी त्रयस्थ नसतांना झालेला अपमान या कलमांत बसत नाहीं. २०२० सालच्या एका निर्णयांत याच कारणास्तव गुन्हा टिकला नाहीं.

सरकारी कचेरीच्या संबंधांत ३१ जानेवारी २०२५ रोजीं दिलेला निर्णय तर मुद्दाम पाहण्यासारखा आहे. तमिळनाडूंतील एका महसूल निरीक्षकाची फिर्याद अशी होती कीं, वडिलांच्या नांवाच्या नोंदीविषयीं चौकशी करावयास आलेल्या एका इसमानें कचेरींतच त्यांना जातिवाचक शिव्या दिल्या. सहकारी धांवत आले, पण ते शिवीगाळीच्या नंतर. सर्वोच्च न्यायालयानें म्हटलें कीं, फिर्यादींतील प्रत्येक शब्द खरा धरला तरी घटना खोलीच्या चार भिंतींच्या आंत घडली. त्या क्षणीं तेथें लोक नव्हते. म्हणून ती लोकांच्या दृष्टीसमोर घडली असें म्हणतां येत नाहीं. खटला रद्द झाला. शब्द उच्चारले गेले नाहींत, असें न्यायालयानें म्हटलेलें नाहीं. ते ऐकावयास योग्य वेळीं कोणी नव्हतें, एवढेंच म्हटलें.

कचेरीचें जीवन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या मापांतील अडचण सांगावयास नको. वरिष्ठाच्या खोलीला दार असतें, आणि तें लावून घेतां येतें. ज्यास उघड्यावर बोलण्याची भीति वाटते, तो बंद दाराआड बोलतो. कायदा जितका कडक, तितका अपमान अधिक सावध.

आणि अपमान कित्येकदां बोललाहि जात नाहीं; तो लिहिला जातो. याचें सर्वांत गाजलेलें उदाहरण महाराष्ट्रांतीलच आहे. कराड येथील सरकारी औषधनिर्माण महाविद्यालयांत अनुसूचित जातीचा एक भांडारपाल होता. वरिष्ठांनीं आपल्या वार्षिक गोपनीय अहवालांत सचोटीविषयीं व वर्तनाविषयीं प्रतिकूल शेरे लिहिले, ते जातीच्या आकसानें लिहिले, अशी त्याची तक्रार होती. जानेवारी २००६ मध्यें कराडच्या पोलिस ठाण्यांत ती नोंदविली गेली. अधिकाऱ्यांवर खटला भरण्यास परवानगी हवी, म्हणून तपासी अंमलदारानें २०१० च्या डिसेंबरांत ती मागितली. तंत्रशिक्षण संचालकांनीं जानेवारी २०११ मध्यें ती नाकारली. मग २०१६ सालीं, परवानगी नाकारणें हाच गुन्हा होय, म्हणून संचालकांवरच तक्रार झाली. ते प्रकरण ‘सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नांवानें सर्वोच्च न्यायालयांत गेलें, आणि २० मार्च २०१८ रोजीं न्यायमूर्ति आदर्शकुमार गोयल व उदय लळीत यांनीं संचालकांवरील कारवाई रद्द केली.

न्यायालय तेवढ्यावर थांबलें असतें तर एका माणसाचें एक प्रकरण म्हणून तें विस्मरणांत गेलें असतें. परंतु कायद्याचा दुरुपयोग होतो या विचारानें न्यायालयानें साऱ्या देशासाठीं आदेश दिले. सरकारी नोकराला अटक करावयाची तर नेमणूक करणाऱ्या अधिकाऱ्याची लेखी संमति हवी. इतरांस अटक करण्यास जिल्ह्याच्या वरिष्ठ पोलिस अधिकाऱ्याची संमति हवी. गुन्हा नोंदविण्यापूर्वीं प्राथमिक चौकशी करतां येईल. आणि प्रथमदर्शनीं गुन्हा दिसत नसेल तर अटकपूर्व जामीनहि मिळूं शकेल. या आदेशांविरुद्ध देशभर प्रक्षोभ उसळला. २ एप्रिल २०१८ च्या बंदांत कित्येक माणसें प्राणांस मुकलीं. त्याच वर्षीं ऑगस्टमध्यें संसदेनें कायद्यांत १८-अ हें कलम घालून गुन्हा नोंदविण्यापूर्वींच्या चौकशीची व अटकेपूर्वींच्या संमतीची अट काढून टाकली. १ ऑक्टोबर २०१९ रोजीं तीन न्यायमूर्तींच्या पीठानें ते तीन आदेश मागें घेतले, आणि १० फेब्रुवारी २०२० रोजीं संसदेचें नवें कलम वैध ठरलें.

या दीर्घ लढ्यांत दोन गोष्टी निश्चित झाल्या. पहिली ही कीं, अनुसूचित जातींतील लोक स्वभावतः कायद्याचा दुरुपयोग करतात, असें गृहीत धरून नियम करतां येणार नाहींत. खोटी फिर्याद करणारा माणूस कोणत्याहि जातींत निघूं शकतो, असें २०१९ च्या निर्णयाचें सार आहे. दुसरी ही कीं, निरपराध माणसाची भीतिहि न्यायालयानें दुर्लक्षिली नाहीं. फिर्यादींत प्रथमदर्शनीं गुन्हाच दिसत नसेल, तर अटकपूर्व जामिनाची बंदी आड येत नाहीं, असें २०२० च्या निर्णयांत म्हटलें आहे. ज्या गृहस्थांना या कायद्याच्या नुसत्या नांवानेंच धडकी भरते, त्यांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी.

परंतु कराडच्या भांडारपालाचा मूळ प्रश्न या साऱ्या गदारोळांत बाजूस पडला. गोपनीय अहवालांतील शेरा हा अपमान असूं शकतो काय? फौजदारी कायद्यानें याचें उत्तर देणें कठीण आहे. कारण शेरा लिहिणें हें वरिष्ठाचें काम आहे, तो बंद खोलींत लिहिला जातो, आणि त्यांत जातीचें नांव कोणी लिहीत नाहीं. शिवाय फौजदारी न्यायालयांत आरोप रास्त शंकेस जागा न ठेवतां शाबीत व्हावा लागतो. चौथ्या प्रश्नाचें, म्हणजे पुराव्याचें, तेथील माप हें असें जड आहे.

म्हणून आतां दुसरीं दारें पाहावीं.

पहिलें दार खात्याचेंच. राज्य सरकारच्या नोकरांना १९७९ सालचे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, आणि शिस्त व अपील यांसंबंधींचे त्याच सालचे नियम लागू आहेत. सरकारी नोकरास न शोभणारें वर्तन हा त्यांखालीं कारवाईचा विषय होतो. या चौकशींत लोकांची दृष्टि लागत नाहीं, यादी लागत नाहीं, आणि पुराव्याचें मापहि हलकें आहे; गोष्ट घडली असण्याचा संभव न घडल्याच्या संभवापेक्षां अधिक दिसला म्हणजे पुरे. फौजदारी खटला चालू असतां खात्याची चौकशी चालूं शकत नाहीं, हा समजहि चुकीचा आहे. दोन्ही एकाच वेळीं चालण्यास सर्वसाधारणपणें प्रत्यवाय नाहीं. दांड्याच्या सोनकोळी कारकुनास हें दार पूर्ण उघडें आहे. त्याखेरीज, शांतताभंग व्हावा अशा रीतीनें मुद्दाम अपमान करणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३५२ व्या कलमाखालीं कोणाच्याहि बाबतींत गुन्हाच आहे.

दुसरें दार पुष्कळांस ठाऊकच नसतें. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा अजून जिवंत आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा अपमान करणें अथवा तसा प्रयत्न करणें, हा त्याच्या ७ व्या कलमाखालीं गुन्हा आहे, आणि तेथें ‘लोकांच्या दृष्टीसमोर’ हे शब्द नाहींत. शिक्षा हलकी, एक ते सहा महिन्यांची. पण बंद दाराआडच्या अपमानास तें कलम पोंचूं शकतें. निराळा माठ, निराळा पेला, दुरून फेंकलेला कागद, यांचें खरें नांव अस्पृश्यता हेंच आहे. मात्र हें कलम अनुसूचित जातींपुरतेंच आहे. जमातींस तें लागू नाहीं.

तिसरें दार न्यायाधिकरणाचें. आकसानें केलेली बदली, रोखलेली बढती, प्रतिकूल शेरा, यांविरुद्ध राज्य सरकारच्या कर्मचाऱ्यानें महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे व केंद्राच्या कर्मचाऱ्यानें केंद्रीय न्यायाधिकरणाकडे जावयाचें असतें. तत्पूर्वीं खात्यांतील अर्ज-अपिलाचा मार्ग चोखाळावा लागतो, आणि अंतिम हुकुमापासून एक वर्षाची मुदत असते. गोपनीय अहवालांतील प्रत्येक नोंद, ती चांगली असो वा वाईट, कर्मचाऱ्यास कळविलीच पाहिजे, असें सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं ठरविलें आहे. म्हणजे शेरा आतां काळोखांत राहूं शकत नाहीं. मुंबई महानगरपालिकेचे नोकर राज्य सरकारचे नोकर नव्हेत, म्हणून राज्य न्यायाधिकरणाचें दार त्यांना नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

चौथें दार आयोगांचें. संविधानाच्या ३३८ व्या अनुच्छेदाखालीं अनुसूचित जातींचा आणि ३३८-अ खालीं अनुसूचित जमातींचा राष्ट्रीय आयोग आहे. चौकशी करतांना साक्षीदारास बोलावण्याचे व कागद मागविण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. त्यांना मनाई-हुकूम देतां येत नाहीं, हें १९९६ सालीं ठरलें आहे. परंतु जो कागद कर्मचाऱ्यास वर्षानुवर्षें दाखविला जात नाहीं, तो आयोगाच्या एका पत्रानें टेबलावर येऊं शकतो.

तक्रार करणाऱ्यानें काय करावें, हें आतां थोडक्यांत सांगतां येईल. जे शब्द उच्चारले गेले ते जसेच्या तसे, कितीहि कटु असले तरी, त्याच दिवशीं लिहून ठेवावे. ‘जातिवाचक शिवीगाळ केली’ एवढें मोघम लिहूं नये. जातीविषयींचे उद्गार फिर्यादींत, निदान आरोपपत्रांत तरी, नमूद असणें इष्ट आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२३ सालीं म्हटलें आहे. तारीख, वेळ, खोली, दार उघडें होतें कीं बंद, कोण आधीं हजर होते व कोण मागाहून आले, हें सर्व नोंदवावें. वर सांगितलेल्या प्रकरणांत खटल्याचें भवितव्य या शेवटच्या तपशिलावर ठरलें. पोलिसांनीं तोंडी फिर्याद लिहून घेऊन ती वाचून दाखविली पाहिजे व तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे. त्यांनीं नोंद नाकारली तर जिल्ह्याच्या पोलिस अधीक्षकांकडे टपालानें लेखी तक्रार पाठवितां येते. तपास उपअधीक्षकाहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे देतां येत नाहीं. आणि कर्तव्यांत जाणूनबुजून कुचराई करणारा सरकारी नोकर स्वतः शिक्षेस पात्र होतो.

इतकीं दारें असूनहि एक जागा रिकामीच राहते. कार्यस्थळीं स्त्रियांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ सालीं कायदा झाला. त्यानें दहा वा अधिक माणसें असलेल्या प्रत्येक कचेरींत अंतर्गत समिति सक्तीची केली, आणि धाक वाटावा असें वातावरण निर्माण करणें हेंहि छळांत मोडतें, हें मान्य केलें. जातीवरून होणाऱ्या छळासाठीं सर्व सरकारी कचेऱ्यांना लागू असा, तशी समिति नेमावयास लावणारा स्वतंत्र कायदा नाहीं. रोजच्या रोज बाजूस सरकवलेली खुर्ची, डबा उघडतांच उठून जाणारे शेजारी, बैठकीचें न आलेलें बोलावणें, यांतील एकेक गोष्ट घेतली तर ती क्षुल्लक दिसते, आणि क्षणाचें माप लावणारा कायदा तिच्यावरून पुढें निघून जातो. सर्व मिळून पाहिलीं तर तें वातावरण होतें. परंतु वातावरण मोजण्याचें माप भारतीय कायद्यानें अजून जातीच्या छळासाठीं हातीं घेतलेलें नाहीं.

तोंपर्यंत कायद्याची भिस्त एकाच गोष्टीवर आहे, आणि ती म्हणजे पाहणारा माणूस. लोकांची दृष्टि हवी, असें कायदा म्हणतो. परंतु नुसती दृष्टि पुरत नाहीं, त्या दृष्टीमागें बोलणारें तोंड असावें लागतें. कचेरींतील बहुसंख्य माणसें अपमान करीत नाहींत, आणि त्यांचा अपमान होतहि नाहीं. तीं पाहतात, फाईलींत मान घालतात आणि संध्याकाळीं घरीं जातात. पुढें साक्षीचें बोलावणें आलें कीं त्यांना कांहीं ऐकल्याचें आठवत नाहीं. ज्या घरांतून आज हें भाषण ऐकलें जात असेल, त्यांतील पुष्कळ घरांत कोणी ना कोणी सरकारी नोकरींत असेल, कोणी वरिष्ठ अंमलदारहि असेल. वरिष्ठास चौकशी सुरू करण्याचा अधिकार आहे, आणि सहकाऱ्यास खरें सांगण्याचा. या दोन अधिकारांसाठीं नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाहीं.

सिडनहॅम महाविद्यालयांतील पाण्याच्या त्या भांड्याभोंवतीं सुशिक्षित प्राध्यापकच बसत होते. कांहींनीं आक्षेप घेतला, हें इतिहासांत नमूद झालें आहे. उरलेले त्या वेळीं काय बोलले, हें कोणींच लिहून ठेविलेलें नाहीं.